जो आत आलाच नाही

शेवटी दार उघडलं, आणि आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशनही झालं. हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. कारण दुपारी साडेतीनला प्रोग्रामर ऑफिसच्या दोन काचेच्या दारांमध्ये उभा होता, आणि दोन्ही दारं बंद होती.

बाहेरच्या काचेपलीकडे ताई आणि वॉचमन. त्यांच्यामागे गाडीत आई.

"चारला डॉक्टर निघतात!" ताई काचेवर ओरडली. "आई दोन वर्षांनी ऑपरेशनला कशीबशी तयार झालीय. तीही तू हात धरून बसणार असशील तरच. आता उतरायला कारण शोधतेय. चल!"

"दार मला ओळखत नाहीये."

"दार तूच बनवलंस ना?"

"म्हणूनच."

दार मोबाइलवर उघडायचं. सकाळी लॉगिन केलं की दूर कुठेतरी क्लाउडवर बसलेला सर्व्हर मोबाइलला एक कुकी द्यायचा, म्हणजे बिल्ल्यासारखी खूण. पुढे दिवसभर माणसाला कोणी हिंग लावून विचारत नसे. दार फक्त खूण बघायचं. ज्या खुणेने आत आलात, तिनेच बाहेर जायचं, हा नियम प्रोग्रामरचाच. आज आतलं दार पाठीमागे बंद झालं आणि बाहेरच्या दारात ॲप अडकलं, तेव्हा लोकांना रोज फोनवर देतो तोच सल्ला त्याने स्वतःला दिला: कुकीज पुसा, पुन्हा लॉगिन करा. सर्व्हरने नवी कोरी कुकी दिली आणि अदबीने कळवलं, की आपण आज आत आलेलाच नाहीत, सबब बाहेर जाता येणार नाही. आतलं दार बाहेरून येणाऱ्यालाच उघडायचं. तो बाहेरूनही आलेला नव्हता.

"आत दुसरं कोणी नाही का?"

"सुट्टी आहे. ड्यूटीवर मी एकटाच."

ताई वॉचमनकडे वळली. "काका, तुमच्याकडे बटण होतं ना?"

"होतं. मागच्या महिन्यात साहेबांनी काढून घेतलं." वॉचमनने काचेतल्या साहेबांकडे बोट दाखवलं. "म्हणाले, माणसाचा भरवसा नाही."

"मग फोडा काच."

"फुटत नाही मॅडम. तीही साहेबांनीच निवडलीय."

साहेबांनी मान खाली घातली.

गाडीचं दार वाजलं. आई उतरली, चाचपडत काचेपाशी आली आणि नाक टेकवून बघत राहिली.

"धुरकट दिसतंय. पण हा आमचाच. उभा बघा कसा राहिलाय, वर्गाबाहेर काढल्यासारखा. उघडा."

"मला पटलं आजी," वॉचमन म्हणाला. "पण दाराला पटायला हवं."

"म्हणजे त्याला माझ्याहून कमी दिसतं. आधी त्याचं ऑपरेशन करून घ्या, मी थांबते."

आणि तिने वॉचमनची खुर्ची ओढून घेतली. इतकी प्रसन्न ती दोन वर्षांत कुणाला दिसली नव्हती.

"आई, ऊठ!" ताई म्हणाली.

"तो आला की उठते."

चार वाजत आले. मोबाइलवर आता एकच बटण जिवंत होतं: विशेष विनंती. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, मंजुरी ड्यूटीवरील प्रोग्रामर कार्यालयात हजर झाल्यावर देण्यात येईल. प्रोग्रामर आज गैरहजर दिसत होता.

त्याने काचेला तळहात लावला. पलीकडून आईने अंदाजाने आपला लावला. जरा बाजूलाच लागला. मग दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तो टाइप करू लागला:

'महोदय, अर्जदार आज सकाळी आत आला होता. त्याची खूण पुसली गेली असली, तरी तो स्वतः अद्याप शिल्लक आहे. त्याच्या आईने त्यास समक्ष ओळखले आहे. मात्र तिला नीट दिसत नाही. तरी सदर आईची ओळख ग्राह्य धरून अर्जदारास, संपूर्ण शक्य नसल्यास, किमान एका हातापुरते बाहेर सोडण्यात यावे, ही नम्र विनंती.'