नात्यातले रंग

केंदूरला दोघा भावांची घरं शेजारीशेजारी, एकाच नकाशाची. थोरल्या जावेनं घर रंगवलं, तेव्हापासून धाकटीचा नवरा तिथंच पेपर वाचायचा. वर म्हणायचा, “वैनीच्या घरात डोळ्याला कसं गार वाटतं!” धाकटीचे डोळे मात्र पेटायचे. नवरा दौंडला बहिणीकडं गेल्याचं साधून तिनं शिरूरचं रंगाचं दुकान गाठलं. दुकानदार शेडकार्ड उघडून म्हणाला, “ताई, सगळ्या खोल्यांचे रंग एकमेकांच्या नात्यातले पाहिजेत.” “माझ्या जावेनं नेले, तेच द्या. मंग ह्यांना तिकडं जायचं कारणच न्हाई.” आठवड्यानं नवरा मोबाइलमध्ये मान घालून परतला. ओळखीचा पिस्ता रंग दिसताच खुर्चीत ऐसपैस बसला आणि आतल्या चाहुलीला मायेनं म्हणाला, “वैनी, दमलात का? जरा पाणी द्या की.” लग्नापासून त्यानं धाकटीला असं कधी विचारलं नव्हतं. “देते हं, भाऊजी,” धाकटी थोरलीच्या आवाजात म्हणाली.