आणि सहकारी

"आणि शिंक आली तर?" सासूबाईंनी विचारलं.

"सरळ समोर द्या," जावई म्हणाला. "डोकं मात्र हलवू नका."

त्याने त्यांना दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये, मागे ओढलेल्या खुर्चीत बसवलं होतं. गाणारी माणसं समोर उभी असल्यासारखी ऐकू यावीत, अशी घरात ती एकच जागा होती. वीतभर सरकलं की सगळी एका स्पीकरात जाऊन बसायची. त्या खुर्चीत आजवर फक्त तो बसला होता. एकदा मांजर बसलं होतं. त्याला त्याने उठवलं नाही, फक्त सरळ केलं.

समोरच्या टेबलावर दोन डबे होते. दोन्ही प्रीअँप, म्हणजे रेकॉर्डवरचा कुजबुजता आवाज उचलून मोठ्या अँपच्या कानावर घालणारे मध्यस्थ. आणि मध्यस्थ कधी ऐकलं ते जसंच्या तसं सांगत नाही. एक डबा व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तशा तापणाऱ्या काचेच्या नळ्यांचा, लाकडी, त्याने स्वतः बोटं भाजून घेत बनवलेला. दुसरा करडा, दातांच्या डॉक्टर मित्राने अडगळ म्हणून देऊन टाकलेला, दिसायला विजेच्या मीटरसारखा. आज यातला एक घराबाहेर जाणार, हे बायकोने ठरवलं होतं. कोणता, ते तिने मोठ्या मनाने त्याच्यावर सोडलं होतं. ते त्याला ठरवता येत नव्हतं. यातला खरं कोण सांगतो हे कळायला रेकॉर्डिंगच्या वेळी तिथे हजर असायला हवं.

आणि मग काल जेवताना त्याचा घास हातातच राहिला. सासूबाई तिथे हजर होत्या.

निदान त्या तसं म्हणायच्या. लग्नाआधी समूहगीतांच्या एका रेकॉर्डमध्ये त्या गायल्या होत्या. कव्हरवर संगीतकाराचं नाव होतं, वादकांची होती, हॉल वापरायला देणाऱ्याचे आभार होते, आणि सगळ्यात खाली 'आणि सहकारी'. त्या सहकाऱ्यांत आपण आहोत, असं त्या सांगत. घरात सगळे हो म्हणत, लहान मुलाने वाघ पाहिला असं सांगितलं की म्हणतात तसं.

"आई, खरं सांग," बायको खुर्चीच्या बरोबर मागच्या सोफ्यावर कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली. "मी लहानपणापासून ऐकतेय. आपल्या जुन्या डबड्यावर बायकांचा एक गोळा ऐकू यायचा. त्यात तू कुठाय?"

"गोळ्यात," सासूबाई म्हणाल्या. "लावा हो तुम्ही."

दोन्ही डब्यांचा आवाज त्याने आधीच मोजून सारखा केला होता. जरा मोठं वाजलं की माणूस त्यालाच चांगलं म्हणतो, हे त्याने स्वतःवर बऱ्याचदा सिद्ध केलं होतं. पहिल्यांदा त्याने आपला व्हॉल्व्हचा डबा लावला.

गोळा सुटला. बायका अर्धवर्तुळात उभ्या राहिल्या. सगळ्या पुढे, सगळ्या उबदार, नुकत्याच न्हाऊन आल्यासारख्या.

बायकोच्या हातातली उशीची खोळ थांबली. "आई, ती मधली तू? किती गोड."

"गोड आहे ना, मग मी नाही."

"उजवीकडची?" त्याने खुर्चीमागे येत विचारलं.

"तीही गोड आहे. इथे सगळ्याच गोड आहेत, जावईबापू. आम्ही अशा नव्हतो."

त्याने गुमान तारा काढल्या, करड्या डब्याला लावल्या आणि सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली.

या वेळी आधी हॉल आला. उंच छत, गार फरशी, कुठेतरी हलणारी खुर्ची. मग बायका आल्या, दोन रांगांत, अंगाने बारीक झालेल्या, प्रत्येकीचा श्वास वेगळा. आणि पार मागून, उजव्या स्पीकरच्याही पलीकडून, जिथे घरातला कपडे वाळत घालायचा स्टँड होता तिथून, एक आवाज आला. राकट, उघडा, पत्रा कापत गेल्यासारखा. होता सगळ्यात लांब, आणि येत होता सगळ्यांच्या डोक्यावरून.

सासूबाईंनी नुसतं बोट केलं. "ती."

शंकेला जागाच नव्हती. रोज सकाळी फोनवर हाच आवाज 'उठलात का' म्हणून विचारायचा.

"मास्तर म्हणाले, तुझा आवाज बाकीच्यांना खातो, मागे हो," सासूबाई म्हणाल्या. "मी मागे झाले. म्हणाले, अजून मागे. असं करत करत दारापर्यंत नेलं मला. आणखी एक पाऊल, की जिन्यात."

"आणि तरी..." जावई म्हणाला. आवाज किती मागे जाऊ शकतो हे ऐकण्यासाठी त्याने तारा बदलल्या होत्या, स्पीकर भिंतीपासून ओढले होते, भिंतींना गाद्या टांगल्या होत्या. मागे ढकलूनही कमी न झालेला माणूस त्याने आज पहिल्यांदा ऐकला.

त्याने आपला लाकडी डबा उचलला आणि बाहेर जायच्या सामानात नेऊन ठेवला. तो अजून कोमट होता, अंड्यांवरून उठवलेल्या कोंबडीसारखा.

"वाईट वाटून घेऊ नका," सासूबाई म्हणाल्या. "स्वभावाने चांगला आहे तो. सगळ्यांना पुढे बोलावतो. फक्त मला ओळखत नाही."

रेकॉर्ड चालूच होती. बायको उठली. उजव्या स्पीकरच्या मागे गेली, स्टँड बाजूला सारला आणि जिथून तो आवाज येत होता, बरोबर तिथे, त्या आवाजाच्या शेजारी जाऊन उभी राहिली. हात बांधून, दुसऱ्या रांगेत उभं राहावं तशी.

तिथून तिला स्पीकरच्या पाठीशिवाय काही ऐकू येणार नव्हतं. ती सगळी माणसं फक्त खुर्चीच्या रेषेतूनच ऐकू यायची.

"जरा डावीकडे हो," सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या. "माझ्या पायावर उभी आहेस."