बरोबरीची लढाई

अंबडच्या कारखान्यात मुलाखतीला निघालेला माणूस पेठ नाक्यावरच्या ठिबक सिंचनाच्या दुकानात शिरला, आणि उज्वला स्कूटर कडेला लावून त्याच्या मागे धावली. त्याने वाट चुकवू नये म्हणून स्कूटर ती स्वतः चालवत होती. पण सिग्नलला तो मागच्या मागे उतरला, त्याला ती काय करणार? नवऱ्याला काही कडेवर घेऊन नेता येत नाही.

"दोनच मिनिटं," योगेश म्हणाला आणि इस्त्रीच्या शर्टाची पर्वा न करता काउंटरवर ओणवा झाला. "एखादा स्वस्तातला सोलेनॉइड व्हॉल्व्ह दाखवा. वीज दिली की उघडणारा."

"द्राक्षं का कांदा?" दुकानदार हिरामणशेठनी विचारलं.

"जहाज."

मग त्याने सगळं समजावून सांगितलं. हातभर लांबीचं, रिमोटवर चालणारं लढाऊ जहाज. तोफेतून गॅसच्या दाबाने छर्रा सुटतो, समोरच्या जहाजाच्या पातळ लाकडाला भोक पडतं आणि ते खरोखरचं बुडतं. परदेशात तळ्यावर जमून लोक असं खेळतात. उज्वला ऐकत राहिली. तो कामाला होता ती कंपनी बंद पडल्यापासून घरात हो-नाहीच्या पुढे न जाणारा माणूस इथे हातवारे करून बोलत होता.

हिरामणशेठनी फवारणी पंपाच्या बॅटरीला व्हॉल्व्हच्या वायरी टेकवल्या. खट्‌ असा आवाज झाला. योगेशने कान लावला.

"उघडायला वेळ घेतोय. छर्रा सुटायचा तर फटकन उघडून लगेच मिटला पाहिजे."

"दादा, हा पाण्याचा हे. द्राक्षाला पाणी सोडायला कसली आली घाई? तुम्हाला हवेचा लागंल, तो अंबडला मिळंल."

उज्वलाला हायसं वाटलं. "मग अंबडलाच घेऊ की. मुलाखत झाली की लगेच."

"तिथले महाग असतात," योगेश म्हणाला. "आमच्या कंपनीत लाइनवर शेकड्याने होते. नुसत्या आवाजावरून..." त्याने एकदाच तिच्याकडे पाहिलं. तो घाबरला होता. तिथे जाऊन परक्या खुर्चीवर बसायचं, कोणा पोरगेल्या साहेबाला आपल्याला काय येतं ते सांगायचं, याला तो घाबरला होता. हे तिला आत्ता, भर दुकानात कळलं, आणि दंड धरून ओढायला पुढे केलेला हात तिने मागे घेतला.

फोन वाजला. तिचा भाऊ संतोष. या नोकरीसाठी त्यानेच शब्द टाकला होता.

"ताई, कुठे राहिलात? साहेब निघाले. किती वेळ थांबवणार मी त्यांना?"

"वाटेतच आहोत रे."

"आता नका येऊ. आणि पुन्हा मला सांगू नकोस."

तिने फोन पर्समध्ये ठेवला. रडू येत होतं, पण लोकांसमोर रडायची तिला सवय नव्हती.

"अहो, साहेब गेले," ती म्हणाली.

"हं." त्याचा कान दुसऱ्या व्हॉल्व्हला लागलेला होता. बॅटरीच्या वायरी हातात धरलेल्या, पण टेकवायच्या राहून गेल्या होत्या. थोड्या वेळाने त्याने त्या टेकवल्या. "हा त्यातल्या त्यात बरा आहे. स्प्रिंग बदलून बघता येईल."

"पण दादा," हिरामणशेठना राहवेना, "लढाई म्हणल्यावर समोर कोणतरी पाहिजे ना? नाशकात हे कोण असं खेळणारं?"

"कोणी नाही," योगेश म्हणाला. "दुसरं जहाजही मीच करतोय." मग जरा विचार करून म्हणाला, "दोन द्या. अगदी सारखे. लढाई बरोबरीची व्हायला हवी."

हिरामणशेठनी दोन व्हॉल्व्ह काढले आणि उज्वलाकडे पाहिलं.

"वहिनी, पिशवी हे का?"

तिने पिशवीतली सर्टिफिकेटांची फाइल काढून काखेत धरली आणि पिशवी पुढे केली.