वीरण्णांनी दाखवलेली जागा

धोतऱ्याचं काटेरी बोंड उमादेवीनं उलथण्याच्या टोकानं फोडलं आणि बिया तळहातावर घेतल्या. उन्हं डोक्यावर आली होती. तिचे सासरे वीरण्णा ओसरीवर भिंतीला टेकून वाट बघत होते. बोअरच्या मशीनची गाडी शाळेपुढं उभी होती.

गावाच्या वाट्याची एकच बोअर आता उरली होती. आधीच्या दोन्ही कोरड्या गेल्या, दोनशे फुटांवरही नुसती पांढरी भुकटी उडाली. उमादेवीचा नवरा शिवलिंग लातूरला, नव्या जिल्ह्याच्या कचेरीत शिपाई होता. त्यानं सांगावा धाडला होता की ही तिसरीही फसली तर मशीन जळकोटकडं जाणार. आणि काही झालं तरी अप्पांना, म्हणजे वीरण्णांना, धोतऱ्याची बी द्यायची नाही. मागच्या खेपेला ते दोन दिवस शुद्धीवर नव्हते. पुन्हा घेतली तर माणूस माघारी यायचा नाही, असं निलंग्याच्या डॉक्टरनं बजावलं होतं.

धोतरा उमादेवीला नवा नव्हता. त्याच्या पानांच्या धुरानं सासूचा दमा बसायचा, हे तिनं पाहिलं होतं. बी पोटात गेली की भुईखालचं पाणी दिसतं, असं मात्र गाव म्हणायचं. बहात्तर साली वीरण्णांनी बी खाऊनच तीन विहिरींच्या जागा दाखवल्या होत्या. उमादेवीला ते पटत नव्हतं. वारूळ कुठं आहे, उंबर कुठं तग धरून आहे, हे म्हातारा वर्षभर चांगल्या शुद्धीत बघत फिरायचा.

"अप्पा, जागा तुमाला ठावी हाय," ती म्हणाली. "मग बी कशाला?"

"ठावी हाय. लई वर्सं झाली." वीरण्णा म्हणाले. "शुद्धीत असलो की तोंडातनं निघत न्हाई."

कुठली जागा, हे तिनं विचारलं नाही. निम्म्या बिया चुलीत टाकल्या आणि निम्म्या वाटून दुधात दिल्या.

तासाभरात त्यांचे ओठ सुकले. बुबुळांतला काळा ठिपका पसरत गेला आणि डोळे काळेभोर झाले. हवेतले दोरे निवडावेत तशी बोटं चालू लागली. मग शेजारी कुणी बसलं असावं तसे ते बोलू लागले. मधेमधे नाव यायचं ते एकच, ग्यानोबा.

ग्यानोबा नाल्यापलीकडच्या भीमनगरातला. बहात्तर सालच्या तिन्ही विहिरी त्यानंच खणल्या होत्या. पाणी लागल्यावर गावानं त्याला पोहऱ्याला हात लावू दिला नाही. नाल्यातलं गढूळ पाणी पिऊन तो हगवणीनं गेला. वीरण्णा तेव्हा विहिरीच्या काठावर उभे होते आणि काही बोलले नव्हते.

ते उठून चालू लागले, तसं गाव मागं निघालं. देऊळ मागं पडलं. पोलीस पाटील शेषेरावांचा मळा आला, तिथं ते थांबलेही नाहीत. कोरडा नाला ओलांडून भीमनगरात शिरले आणि ग्यानोबाच्या बायकोच्या, सरजाबाईच्या, अंगणाला लागून टाच रोवली.

"हितंच."

शेषेराव पुढं आले. गावानं आता हितलं पाणी प्यायचं का, असं त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

वीरण्णांनी त्यांच्याकडं पाहिलंच नाही. शेषेरावांच्या खांद्याशेजारच्या मोकळ्या जागेकडं बघत ते म्हणाले, "ग्यानोबा इचारतोय, तुमाला तहान लागली न्हाई का?"

शेषेराव त्या जागेपासून दोन पावलं बाजूला सरले. कुणी हसलं नाही.

सरजाबाई दारात उभी होती. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि हळूच विचारलं, "कसा दिसतोय त्यो?"

"चिखलानं भरलाय. आत्ताच हिरीतनं वर आल्यागत."

ती आत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं.

मशीनवाला परगावचा. त्याला जागा हवी होती, ती मिळाली. एकशे साठ फुटांवर पाणी लागलं आणि पाइपाच्या तोंडातून माणसाच्या उंचीवर उडालं. दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाच्या घागरी भीमनगरात रांगेला लागल्या. शेषेरावांची बायको तिसऱ्या दिवशी आली आणि सरजाबाईच्या मागं उभी राहिली.

बियांनी वीरण्णांना चढलेला ताप तोवर उतरला होता. डोळे पहिल्यासारखे झाले, भाकरीही खाल्ली. पण उंबरठ्यावरून पाय खाली टाकताना ते धोतर वर धरू लागले. शिवलिंग लातूरहून आला. बापाकडं बराच वेळ बघून त्यानं बायकोला एकच विचारलं, "किती दिलीस?" निम्मी, असं ती म्हणाली.

पाचव्या दिवशी दुपारी वीरण्णा घरात दिसेनात. उमादेवी शोधत निघाली, ते नाल्यात सापडले. धोतर गुडघ्याच्या वर खोचून, दोन्ही हात पसरून, भेगाळलेल्या पात्राच्या मधोमध ते तोल सावरत उभे होते. भरल्या घागरी घेऊन परतणाऱ्या बायका काठावर थबकल्या होत्या.

"उमाव्वा, हात दे," त्यांनी हाक मारली. आवाजात भीती होती. "हितं लई खोल हाय."

उमादेवीनं बायकांकडं पाहिलं नाही. काठावर चपला काढल्या, लुगडं घोट्यावर उचललं आणि ती उतरली. तापलेल्या वाळूत पुढचं पाऊल तिनं चाचपत टाकलं.