टोचून ठेवलेली सुई

गळ्यावरची पट्टी सोडली, तर खाली राखेचं बोट उमटलेलं. डॉक्टर धामण्यांचा पारा चढला.

"हा अंगारा कुणी लावला? नळीच्या तोंडाशी?"

सुरगाण्याकडून आलेली चिमणाबाई खाटेला धरून उभी होती. खाटेवर तिची सात वर्षांची गोजरा हुडहुडीने इतकी कापत होती की लोखंड खडखडत होतं. विषमज्वरात आतडं फाटलेलं, ऑपरेशन झालेलं, तोंडाने घोटभर पाणीही द्यायचं नाही. हातापायांच्या शिरा टोचून टोचून संपल्या, म्हणून गळ्याच्या मोठ्या शिरेत नळी घातलेली. त्या नळीवरच पोर जगत होती.

"भगतानं दिला व्हता," चिमणाबाई म्हणाली. "चुकलं माझं."

"रक्तात जंतू गेलेत तिच्या! ही नळी काढून दुसऱ्या बाजूने नवी घालायची. तीही बिघडली तर तिसरी जागा नाही. सिस्टर, यांना बाहेर काढा आणि ट्रे लावा."

लता सिस्टरला खरं तर हायसं वाटलं. तीन दिवस ताप कशाने, ताप कशाने म्हणून सगळ्यांचं डोकं उठलं होतं. तिने चिमणाबाईला दंडाला धरून दाराबाहेर नेलं, वर सुनावलंही, "स्वतःच्या हातांनी मारताय पोरीला." आत गोजरा "आये, आये" करत राहिली.

लताने भराभर ट्रे लावला. हातमोजे, चिमटे, नवी नळी. शेवटी नळी धुवायच्या सलाईनची काचेची बाटली. तिच्या रबरी बुचात सुई टोचलेली होती, नेहमीसारखी. दर वेळी उकळलेली सुई कुठून आणणार? एक टोचून ठेवायची, ज्याने त्याने आपली सिरिंज लावून पाणी ओढायचं. ही युक्ती लताचीच. नवीन सिस्टरांना ती कौतुकाने शिकवायची.

बाटलीवर तिच्याच अक्षरात चिठ्ठी होती : सोमवार, ५ मार्च ८४. आज गुरुवार होता.

लताचा हात थांबला. चार नंबरच्या खाटेवरचं पोरही आता असंच कापत होतं. त्याच्याही गळ्यात नळी होती आणि त्याला अंगारा लावणारं कुणी नव्हतं. बाप एकलहऱ्याला वीजकेंद्रात कामाला, तो येतो संध्याकाळी. सकाळी नऊ वाजता दोघांच्याही नळ्या लतानेच धुतल्या होत्या. याच बाटलीतून.

 तिने बाटली उजेडात धरली. पाणी अगदी स्वच्छ दिसत होतं. पण उघड्या सुईच्या वाटेने जंतू आत गेले असतील, तर ते डोळ्यांना थोडेच दिसणार होते?

बेसिन दोन पावलांवर होतं. ओतून टाकायचं, नवी बाटली फोडायची. कुणाला कळलंही नसतं. अंगारा तर सगळ्यांनी पाहिला होता. पण कोणते जंतू, कोणतं औषध लागेल, ते या पाण्यातूनच कळणार होतं.

"सिस्टर, ट्रे!"

ट्रे ठेवून तिने बाटली डॉक्टरांच्या हातात दिली. "ही तपासायला पाठवा. चार नंबरलाही यातूनच दिलंय. सुई सोमवारपासून तशीच आहे. मी ठेवली."

धामण्यांनी बाटली फिरवून चिठ्ठीवरची तारीख वाचली. रागावले असते तर लताला बरं वाटलं असतं.

"नवी बाटली फोडा," ते म्हणाले. "चार नंबरच्या नळीला हात लावू नका, मी येतो. आणि हिच्या आईला आत घ्या."

लता दाराशी गेली. चिमणाबाई व्हरांड्यातल्या नळाखाली बसली होती. कपड्यांच्या साबणाची वडी आणि काथ्या घेऊन ती हात घासत होती. बोटांची सालं निघाली होती. सिस्टरला पाहताच तिने दोन्ही ओले हात पुढे केले.

"बाई, बघा बरं. अजून एकदा धुऊ का?"