बादशहाला जोडी लागत नाही

“काका, बादशहाला जोडी का नाही हो लागत?”

मैत्रिणींनी पैज लावली होती, ‘काकांना विचारून दाखवच!’ म्हणून पुतणीने विचारलं.

सतरंजीवर पत्त्यांच्या मनोऱ्याचा डाव मांडून बसलेले काका खुलले. “अगं, दोन पत्त्यांची बेरीज तेरा झाली की जोडी उचलायची. राणीला एक्का लागतो, गुलामाला दुर्री. बादशहा स्वतःच तेरा! एकटाच सुटतो.”

खाली काय दबलंय ते न बघता दिसेल ती जोडी उचलायची, हा काकांचा खाक्या. डाव रोज अडकायचा आणि खापर नशिबावर! तशीच त्यांनी तिचीही जोडी लावली होती: क्लाससाठी लातूरला निघालेल्या ऐतखाऊ चुलतभावाच्या, म्हणजे काकांच्या मुलाच्या, दादाच्या पोळ्या लाटायला तिने शाळा सोडून जायचं.

“आणि दादाला तुम्ही काय म्हणता?”

“आमचा बादशहा!” म्हणून काका चपापले.

ती तिथेच बसलेल्या आईबाबांकडे वळली. “ऐकलंत ना? बादशहा एकटाच जाईल. मी माझी शाळा सोडणार नाही. ठरलं.”