दाराआडचं रशियन

रशियन सून रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात आईशी फोनवर बोलायची आणि मधूनच खुदकन हसायची. माझ्याच चुगल्या चालल्यात, अशी सासूबाईंची खात्री! मग त्यांनी गुपचूप मोबाईलवर रशियन शिकायला घेतलं. जीभ काही केल्या वळेना आणि पाठ केलेला शब्द पुढच्या वाक्यात वेगळंच सोंग घेऊन यायचा. तोंड वेडंवाकडं करताना नवऱ्याने पकडलं, तेव्हा "दाढ दुखतेय हो," म्हणून वेळ मारून नेली. पण रोज दाराआड कान लावून उभं राहणं काही चुकवलं नाही. अखेर आज पहिल्यांदाच सुनेचं अख्खं वाक्य त्यांना कळलं.

"आई, अजून सावकाश बोल गं, दाराआड आमच्या सासूबाईंचा क्लास चालू आहे."